रिकामी कबर आणि मुलांचे खेळ

ईस्टर हा ख्रिस्ती वर्षातला सर्वांत मोठा सण आहे. क्रुसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला, या श्रद्धेवर तो उभा आहे. ती श्रद्धा खोटी असेल तर बाकीचे सगळे व्यर्थ, असे पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्पष्टच बजावले आहे. अशा दिवशी मुले रंगवलेली अंडी शोधत अंगणभर धावतात, उतारावरून अंडी घरंगळत सोडतात, अंड्यावर अंडे आपटून कोणाचे फुटते ते पाहतात. मृत्यू आणि अमरत्व यांच्याविषयीच्या इतक्या गंभीर श्रद्धेत हे खेळ बसतात कसे? उपासना संपल्यावर मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी त्यांची सोय केलेली असते, की सणाचा अर्थच त्यांच्यातून वेगळ्या रीतीने व्यक्त होतो?

हा प्रश्न मावळात विचारण्याला कारण आहे. भोर घाटातून 1863 मध्ये रेल्वे सुरू झाली आणि लोणावळा हे रेल्वे कामगारांचे गाव बनले. ब्रिटिश काळातील गॅझेटियरांत येथील इंजिनांचा कारखाना व रेल्वेची शाळा यांच्याबरोबर प्रोटेस्टंट आणि रोमन कॅथॉलिक अशा दोन्ही प्रार्थनास्थळांची नोंद आहे. पुढे खंडाळ्यात येशूसंघीयांचे सेंट झेवियर्स व्हिला उभे राहिले. लोणावळ्यात सालेशियन संघाची डॉन बॉस्को शाळा आणि त्याच परंपरेतल्या भगिनींची ऑक्झिलियम कॉन्व्हेंट शाळा आली. या शाळांत शिकणारी बहुसंख्य मुले ख्रिस्ती नाहीत. त्यांच्या घरी एकविरेची ओटी भरली जाते, आषाढीला माऊलीच्या किंवा तुकोबांच्या पालखीबरोबर कोणी ना कोणी चालत जाते. ईस्टरचे खेळ इथे कुठल्या अर्थाने खेळायचे हे ठरवायचे असेल, तर त्या खेळांचे मूळ आणि त्यांच्यामागचा विचार दोन्ही पाहावे लागतात.

सणाची तारीख दरवर्षी बदलते. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार, हा नियम इ. स. 325 मधील निकियाच्या धर्मसभेनंतर हळूहळू स्थिर झाला. पाश्चात्त्य चर्चच्या गणनेत 21 मार्च ही संपाताची तारीख ठरलेली असल्यामुळे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या काळातच येतो. मराठी पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर तो बहुधा होळीच्या किंवा चैत्री पौर्णिमेच्या लगतचा रविवार असतो. 2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला, होळीनंतर आला. 2025 मध्ये 20 एप्रिलला, हनुमान जयंतीनंतर. मावळात हा काळ एकविरेच्या चैत्री यात्रेचा आणि गावोगावच्या जत्रांचा असतो. पळस, पांगारा, काटेसावर फुलून गेलेले असतात आणि करवंदीच्या जाळ्या हिरव्या फळांनी भरू लागतात. युरोपातला ईस्टर बर्फ वितळल्यानंतरच्या कोवळ्या हिरवाईत येतो, आणि तिकडची चित्रे व गाणी त्याच ऋतूची आहेत. मावळात मात्र गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि पानगळ झालेल्या फांद्यांवर लाल फुले आलेली असतात. मरणातून जीवन ही कल्पना मुलांना दाखवायला पळसाचे पान नसलेले, पण फुलांनी पेटलेले झाड कुठल्याही आयात चित्रापेक्षा चांगले आहे.

अंडे या सणात आले ते उपवासामुळे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर दूध, चीज आणि अंडीही वर्ज्य असत. इ. स. 692 च्या धर्मसभेने तसा नियमच केला आणि मध्ययुगीन पश्चिमेतही सर्वसाधारण रीत तीच होती. पण माणसांनी उपवास धरला म्हणून कोंबड्या अंडी घालायच्या थांबत नाहीत. वसंतात तर त्या जास्त घालतात. साठलेली अंडी टिकावीत म्हणून उकडून ठेवली जात, ईस्टरच्या सकाळी ती चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणली जात आणि मग वाटली जात. 1614 च्या रोमन विधिग्रंथात अंड्यांच्या आशीर्वादाची स्वतंत्र प्रार्थना आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या 1290 च्या हिशेबात सोन्याच्या वर्खाने मढवून वाटण्यासाठी 450 अंडी घेतल्याची नोंद सापडते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चांनी अंडे लाल रंगवले आणि त्या रंगात ख्रिस्ताचे रक्त पाहिले. कवच म्हणजे बंद कबर आणि आतला जीव म्हणजे उठणारा ख्रिस्त, हा अर्थही पुढे रूढ झाला. अर्थ नंतर आला, आधी आली ती उपवास सुटण्याची भूक आणि वाटून खाण्याचा आनंद. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आज मुलांपर्यंत अंडे पोहोचते, त्याच्या आधीचा उपवास बहुधा पोहोचत नाही.

ससा त्याहून अलीकडचा. हायडेलबर्गचा वैद्य गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ याने 1682 मध्ये ईस्टरच्या अंड्यांवर लिहिताना, रानससा बागेत अंडी घालून लपवतो आणि मुले ती शोधतात, या जर्मन लोकसमजुतीची नोंद केली. जर्मन स्थलांतरितांबरोबर ती अमेरिकेत गेली. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मुलांनी अंडी घरंगळवण्याचा खेळ 1878 पासून होतो. बायबलमध्ये या सशाला कुठेही आधार नाही, आणि मावळातल्या मुलाला अंडी घालणारा ससा विचित्र वाटला तर चूक त्या मुलाची नाही. ससा वगळला तर सणाचे काही बिघडत नाही.

या खेळांना जुना आणि प्रामाणिक विरोधही आहे. प्युरिटन परंपरेने ख्रिसमस आणि ईस्टर दोन्ही सण नाकारले, कारण ते पाळण्याची आज्ञा पवित्र शास्त्रात त्यांना दिसली नाही. मराठी मुलखात पहिली प्रोटेस्टंट मंडळी उभी करणारे अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या याच वारशातले होते. त्याआधी, 1518 मध्ये, योहान ओइकोलांपाडियस याने ईस्टरच्या प्रवचनांत लोकांना हसवण्यासाठी विनोदी गोष्टी सांगण्याच्या प्रथेवर टीका केली होती. जर्मन प्रदेशातील धर्मोपदेशक त्या दिवशी मुद्दाम हशा पिकवत, कारण मृत्यूची फजिती झाली होती. टीकाकारांचे म्हणणे सरळ होते: जी गोष्ट ऐकून गुडघे टेकावेत, तिच्यावर हसू कसे यावे? आजचा सुजाण पालक हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. मूल चॉकलेट शोधत असेल, तर ते ख्रिस्ताला शोधते असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

उत्तरासाठी चार शुभवर्तमानांतील ईस्टर सकाळची वर्णनेच पुन्हा वाचायला हवीत, कारण त्यांत गांभीर्याबरोबर दुसरेही काही आहे. सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या स्त्रियांना वाटेत प्रश्न पडतो की दारावरची धोंड लोटून कोण देईल, आणि पोहोचतात तो धोंड आधीच लोटलेली. योहानाच्या वृत्तांतात पेत्र आणि दुसरा शिष्य कबरीकडे धावत सुटतात. दुसरा शिष्य पुढे गेला, हे लेखकाने मुद्दाम नोंदवले आहे. आणि तो आधी पोहोचूनही आत शिरला नाही, दारात थांबून राहिला, हेही. मरिया मग्दालिया येशूला माळी समजते आणि त्याने नावाने हाक मारताच ओळखते. अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य कित्येक मैल त्याच्याबरोबर चालतात, पण भाकर मोडली जाईपर्यंत त्यांना तो ओळखू येत नाही. सरोवराकाठी जाळ्यात आलेले मासे मोजून 153 भरतात. शोधणे, चुकणे, धावणे, ओळख पटणे, मोजणे, एकत्र खाणे: पुनरुत्थानाची कथा या क्रियांतून पुढे सरकते, आणि मुलांच्या खेळाच्याही क्रिया याच आहेत. त्या सकाळी खुद्द उठण्याचा क्षण कोणी पाहिला नाही. चारही वृत्तांत त्याविषयी गप्प आहेत. जे दिसले ते आधी लपलेले होते आणि मग सापडले. लपवलेली वस्तू शोधण्याच्या खेळाचे या सणाशी नाते इथे जुळते. ते अंड्याच्या प्रतीकापेक्षा अधिक खोल आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाचा सर्वांत जुना पाठ स्त्रिया भिऊन पळाल्या, इथेच थांबतो. भीतीही त्या सकाळीत आहे. लपाछपी खेळणाऱ्या लहान मुलाला अंधाऱ्या कोपऱ्यात जाताना जी धडधड होते, ती आणि सापडल्यावरचे हसू, दोन्ही त्या वर्णनात एकत्र आहेत.

खेळ आणि उपासना यांच्या नात्याचा विचार विसाव्या शतकात पुन्हा जोमाने झाला. रोमानो ग्वार्दिनी या धर्मचिंतकाने 1918 मध्ये उपासनाविधीवरच्या आपल्या ग्रंथात खेळाला एक संपूर्ण प्रकरण दिले. त्याचा मुद्दा असा की मुलाच्या खेळाला उपयोग नसतो, पण अर्थ असतो. उपासनेचेही तसेच आहे. डच इतिहासकार योहान हाउझिंगा याने 1938 मध्ये संस्कृतीचे मूळच खेळात शोधले आणि पवित्र विधी व खेळ यांची रचना सारखी असल्याचे दाखवले: दोन्हींना आखलेली जागा, ठरलेली वेळ आणि मनापासून पाळायचे नियम लागतात. हे म्हणणे मान्य केले तर वर आलेला आक्षेप बराच सैल होतो. खेळणारे मूल गंभीर नसते, हेच मुळात खरे नाही. लगोरी रचणाऱ्या मुलाइतकी एकाग्रता प्रौढ माणसाच्या प्रार्थनेत क्वचित आढळते.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. ब्रह्मसूत्रांनी सृष्टीच्या निर्मितीचे स्पष्टीकरण लीला या कल्पनेने केले आहे. ईश्वराला काही मिळवायचे नव्हते, तरी त्याने जग मांडले. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणारी इंद्रायणी मावळ ओलांडून ज्या देहूला जाते, तिथल्या तुकोबांच्या गाथेत बाळक्रीडेचे अभंग आहेत, आणि फुगडी, हमामा, विटीदांडू, चेंडू या खेळांवरचेही. वारीत रिंगणानंतर वयस्क वारकरी फुगड्या घालतात, हुतुतू खेळतात, आणि त्याने भक्तीला कमीपणा आला असे कोणी म्हणत नाही. हरिनाम सप्ताहाचा शेवट काल्याच्या कीर्तनाने होतो. सात दिवसांच्या नामानंतर कृष्ण आणि गोपाळांच्या खेळाची कथा सांगितली जाते आणि दहीलाह्यांचा काला वाटला जातो. संयमाचा काळ, मग खेळ, मग वाटून खाणे हा क्रम मावळातल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ईस्टरमध्ये तोच क्रम दिसतो.

साम्य दाखवताना फरक झाकू नये. लीलेत ईश्वर स्वतः खेळतो आणि खेळ अखंड आहे. ईस्टरच्या मागे मात्र एक विशिष्ट शुक्रवार आहे, रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या काळातला, एका माणसाला ठार मारल्याचा. ख्रिस्ती आनंद त्या घटनेला वळसा घालून येत नाही. म्हणून गुड फ्रायडे गाळून केलेला ईस्टरचा खेळ अपुरा राहतो. हा मुद्दा मुलांच्या बाबतीत सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. क्रुसाची गोष्ट मुलांना झेपणार नाही या काळजीने अनेक घरांत थेट रविवारच साजरा होतो. पण मुलांना मृत्यू माहीत असतो. आजोबा गेलेले असतात, गोठ्यातले वासरू मेलेले असते. प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो, इतकेच. मध्ययुगीन चर्चमध्ये उपवासकाळ सुरू होण्याच्या काही दिवस आधीच ‘हालेलुया’ हा आनंदाचा घोष बंद होई, आणि काही ठिकाणी तो शब्द लिहिलेला फलक खरोखर पुरून टाकला जाई. आजही काही मंडळ्यांत मुले कापडावर किंवा कागदावर तो शब्द रंगवतात, पेटीत घालून पुरतात किंवा लपवतात, आणि ईस्टरच्या पहाटे बाहेर काढतात. चाळीस दिवस एक शब्द न उच्चारणे हा मुलांना जमणारा उपवास आहे. त्यानंतर तो शब्द ओरडण्यातला आनंद विकत आणलेल्या कुठल्याही वस्तूने मिळत नाही.

लोणावळ्यातील दोन्ही शाळांची परंपरा ज्या माणसापर्यंत जाते त्याच्या चरित्रात खेळाला असाधारण स्थान आहे. जोव्हान्नी बॉस्को, म्हणजे डॉन बॉस्को, याचा जन्म 1815 मध्ये उत्तर इटलीतल्या एका गरीब शेतकरी घरात झाला. लहानपणी तो दोरीवर चालण्याचे आणि हातचलाखीचे खेळ शिकला. गावातल्या मुलांपुढे ते करून दाखवी आणि तिकिटाऐवजी सर्वांकडून प्रार्थना म्हणवून घेई. धर्मगुरू झाल्यावर 1841 पासून त्याने तुरीन शहरातल्या अनाथ, कामगार मुलांना रविवारी एकत्र जमवायला सुरुवात केली. गोंगाट फार होतो म्हणून या मुलांना एकेका जागेतून हुसकावून लावण्यात आले. अखेर वाल्दोक्को भागातल्या पिनार्दी नावाच्या माणसाची एक बुटकी शेड त्यांना मिळाली, तो दिवस होता 12 एप्रिल 1846, ईस्टरचा रविवार. सालेशियन कार्याची कायमची जागा अशी ईस्टरलाच मिळाली आणि ती मिळवताना शेडइतकीच शेजारची मोकळी जमीनही महत्त्वाची होती, कारण मुलांना खेळायला मैदान लागते. घर, चर्च, शाळा आणि क्रीडांगण या चार गोष्टी एकत्र असाव्यात, ही त्या परंपरेची आजही कसोटी आहे. वृद्धपणी, 10 मे 1884 रोजी, रोमहून लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या संस्थेची प्रकृती तपासली ती मैदानावरून. पूर्वी शिक्षक मुलांबरोबर धावत असत. आता ते बाजूला उभे राहून पाहतात, मुले कोपऱ्यात कुजबुजतात, आणि म्हणून विश्वास उडाला आहे, असे त्याचे निदान होते. त्याला संतपद जाहीर झाले ते 1 एप्रिल 1934 रोजी. तोही ईस्टरचाच रविवार होता.

या पत्रातील निकष ईस्टरच्या खेळांना लावला तर पहिली अपेक्षा मोठ्यांकडून निघते. मोठ्यांनी लपवावे, मुलांनी शोधावे आणि मोठ्यांनी मोबाइलवर चित्रण करत उभे राहावे, या मांडणीत खेळ अर्धाच राहतो. एक फेरी मुलांनी लपवावे आणि आई-वडील, आजी-आजोबांनी शोधावे. दुसऱ्यासाठी लपवताना मुलाला एक गोष्ट आपोआप कळते: वस्तू सापडावी म्हणूनच लपवायची असते. देव लपलेला का वाटतो, या प्रश्नाचे मुलांच्या वयाला पेलणारे उत्तर या अनुभवात आहे, आणि ते शब्दांत सांगायची घाई करू नये.

शोधाच्या खेळाचा नेहमीचा प्रकार स्पर्धेचा असतो: ज्याला जास्त अंडी मिळाली तो जिंकला. इथे खेळ आणि सण यांची फारकत होते. पाच वर्षांच्या मुलीची परडी रिकामी आणि बारा वर्षांच्या भावाची ओसंडणारी, असे दृश्य पुनरुत्थानाच्या दिवशी शोभत नाही. उपाय सोपे आहेत. प्रत्येक मुलाला एक रंग द्यावा आणि त्याने त्याच रंगाची अंडी उचलावीत. दुसऱ्याच्या रंगाचे दिसले तर त्याला खूण सांगावी. किंवा सगळी अंडी एकाच टोपलीत जमा करून शेवटी सारखी वाटावीत. एक अंडे मुद्दाम पोकळ ठेवावे. अमेरिकेतील काही घरांत बारा उघडझाप करता येणाऱ्या अंड्यांत झावळीचा तुकडा, चांदीचे नाणे, काटा, खिळा, कापड, दगड अशा वस्तू ठेवून दुःखसहनाची कथा सांगतात. बारावे अंडे रिकामे निघते. ज्या मुलाला रिकामे अंडे मिळते त्याला आधी फसल्यासारखे वाटते, आणि मग कथेचा शेवट त्याच्याच हातात असल्याचे कळते. मावळातल्या घरी हाच खेळ काड्यापेट्यांत किंवा कुंभाराकडच्या लहान बोळक्यांत करता येतो, प्लास्टिक लागत नाही.

अंड्याचा प्रश्न इथे नाजूक आहे. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या घरात अंडे येत नाही, जैन आणि इतर शाकाहारी घरांतही नाही, आणि त्या मुलाच्या हातात उकडलेले अंडे देऊन त्याला खेळ आणि घर यांत निवड करायला लावणे हा सणाच्या आतिथ्याशी द्रोह ठरेल. अंडी लाकडाची, कागदाच्या लगद्याची, शाडूची चालतात. नदीतले गोल गोटे रंगवले तर दगड आणि कबर यांचा संबंधही जुळतो. खाऊ म्हणून ठेवलेले चॉकलेट एप्रिलच्या उन्हात वितळून जाते. शेंगदाण्याची किंवा तिळाची चिक्की हा लोणावळ्याचा स्वतःचा खाऊ आहे, आणि तो सर्वांना चालतो.

ज्या घरात अंडी चालतात तिथे रंगवण्याचे काम मुलांच्या हाती देण्याजोगे आहे. कांद्याची सुकी टरफले पाण्यात उकळली की लालसर तपकिरी रंग येतो, हळदीने पिवळा, बिटाने गुलाबी. पाण्यात थोडे व्हिनेगर घातले की कवचातले कॅल्शियम कार्बोनेट किंचित विरघळते, बुडबुडे येतात आणि रंग नीट धरतो. मार्चमध्ये वेचून वाळवलेली पळसफुले भिजवली तर केशरी छटा मिळते. होळीसाठी केलेला रंग उरला असेल तर तोच कामाला येतो. खायची अंडी उन्हात एका तासापेक्षा जास्त राहू देऊ नयेत. लपवायची आणि खायची वेगळी ठेवलेली बरी. अंडे कच्चे की उकडलेले, हे फिरवून ओळखण्याचा खेळही मुलांना आवडतो: उकडलेले भिंगरीसारखे फिरते, कच्चे डगमगून थांबते.

घरंगळवण्याचा खेळ इंग्लंडच्या उत्तर भागात आणि स्कॉटलंडमध्ये जुना आहे. कबरीच्या दारावरून लोटलेल्या धोंडेची ती आठवण मानली जाते. घाटमाथ्यावर उतारांची कमतरता नाही, पण त्यासाठी कड्यांच्या जागा टाळून शाळेच्या आवारातला गवताळ उतार पुरेसा आहे.

सर्वांत समृद्ध उपक्रम मात्र ईस्टरची बाग करण्याचा आहे. एका परातीत माती भरायची, दगडांची गुहा रचायची, दाराशी एक गोल दगड, मागे टेकडीवर काड्यांचे तीन क्रूस, आणि मातीत मेथी, मोहरी किंवा गहू पेरायचा. झावळ्यांच्या रविवारी पेरले तर आठवड्याने, ईस्टरला, हिरवे कोंब उभे असतात. शुक्रवारी दगड दाराला लावायचा, रविवारी पहाटे मूल उठण्याआधी मोठ्यांनी तो बाजूला करून ठेवायचा. पुणे जिल्ह्यातल्या मुलांना हे काम शिकवावे लागत नाही. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर अळीव किंवा मोहरी पेरण्याची त्यांना सवय असते. लोहगड आणि विसापूर खिडकीतून दिसणाऱ्या मुलाचे हात मातीचा डोंगर रचायला सरावलेले असतात.

कबरीची कल्पना येण्यासाठीही मावळ फार सोयीचा आहे. युरोपीय चित्रे पाहून वाढलेल्या मुलाला कबर म्हणजे जमिनीतला खड्डा वाटते. अरिमथाईच्या योसेफाची कबर मात्र खडकात कोरलेली खोली होती, दाराला धोंड लावता येईल अशी. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेण्यांतल्या लहान खोल्या आणि त्यांतले दगडी ओटे पाहिलेल्या मुलाला ती खोली लगेच डोळ्यांपुढे येते. वाकून आत डोकावणे म्हणजे काय, आतल्या अंधाराला डोळे सरावायला वेळ कसा लागतो, हे त्याने अनुभवलेले असते. कार्ल्याचे चैत्यगृह इसवी सनाच्या आगेमागे घडले, म्हणजे येशूच्या काळापासून फार दूर नाही. ती भिक्षूंची निवासस्थाने आणि उपासनेच्या जागा आहेत, दफनभूमी नव्हेत, हे मुलांना नीट सांगायला हवे. आणि लेण्यांत वस्तू लपवण्याचे खेळ करू नयेत. ती संरक्षित स्मारके आहेत, बौद्धांना पूज्य आहेत, आणि कार्ल्याला शेजारीच एकविरेचे देऊळ आहे. तिथे जाऊन शांतपणे पाहणे आणि घरी येऊन परातीत गुहा रचणे, हा क्रम योग्य.

बहुधर्मी शाळेत हे सगळे करताना खेळ आणि उपासना यांतली रेषा स्पष्ट असली पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद 28(3) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतल्या कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. शोधाचा खेळ, रंगकाम, बाग यांत सर्वांना बोलावता येते. प्रार्थनेला ज्याला यायचे त्याने यावे. ख्रिस्ती नसलेल्या मुलाने खेळ खेळताना ख्रिस्ताला मानावे अशी छुपी अपेक्षा ठेवली, तर खेळ निरुद्देश राहत नाही आणि ग्वार्दिनीने सांगितलेला त्याचा अर्थही उरत नाही. उलट ‘हा खेळ कशाचा?’ असे त्या मुलाने विचारले, तर गुळमुळीत ‘वसंतोत्सव’ म्हणून वेळ मारून नेणेही चूक आहे. ख्रिस्ती लोक काय मानतात ते सरळ सांगावे. दुसऱ्याच्या श्रद्धेचा खरा अर्थ कळणे हा त्या मुलाचा हक्क आहे.

बाजाराचा भाग वेगळा. पर्यटनस्थळांतील हॉटेलांत ईस्टरच्या रविवारी न्याहारीबरोबर अंडी शोधण्याचा कार्यक्रम ठेवला जातो, त्यात आनंद असतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्यात आधीचा उपवास नसतो, शुक्रवार नसतो, आणि वाटून खाणेही नसते. अशा खेळाला ईस्टरच्या काळातली करमणूक म्हणता येईल. त्याला ईस्टरचा खेळ म्हणणे अवघड आहे.

सण एका दिवसात संपत नाही, ही गोष्ट बहुतेक घरांत विसरली जाते. ईस्टरचा काळ पन्नास दिवसांचा असतो आणि तो पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या रविवारी, पुरा होतो. उपवासाचे चाळीस दिवस पाळणाऱ्या चर्चने आनंदासाठी त्याहून दहा दिवस जास्त ठेवले आहेत. महाराष्ट्रात यांतला बराचसा काळ उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. परातीतले कोंब तोवर उंच वाढून पिवळे पडतात. ते काढून मेथी किंवा मोहरी पुन्हा पेरता येते. अम्माऊसच्या कथेसाठी मुलांनी मोठ्यांबरोबर एखादी लांब वाट चालावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर भाकर मोडून वाटावी. मे महिन्यात करवंदे पिकतात, तेव्हा मावळातली मुले तशीही रानात जाळ्या धुंडाळत फिरत असतात. कोणी न लावलेली फळे शोधायची, सापडली की हाक मारायची आणि द्रोणात जमवून सर्वांनी खायची, हा त्यांचा खेळ ईस्टरच्या पन्नास दिवसांत आपोआप येतो.